गुरुवारची पेठ गाडी

अण्णांचं विसरणं वाढायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांत आधी आला तो उपदेश. पुण्याच्या बहिणीने फोनवरून बदाम भिजवायला सांगितले, मेव्हण्यांनी सुडोकूची तीन पुस्तकं कुरिअरने पाठवली आणि खालच्या मजल्यावरच्या काकू बाटलीभर ब्राह्मी तेल देऊन गेल्या. अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे सायखेड्याचे. उभं आयुष्य त्यांनी लाल गाडीवर कंडक्टर म्हणून काढलं, आधी निफाडच्या बाजूला आणि नंतरची बरीच वर्षं नाशिक ते पेठ. सुडोकूचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं तर त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"हा कशाचा तक्ता हाय?"

"कोडं आहे अण्णा. रिकाम्या चौकटीत आकडे भरायचे."

"मंग छापणाऱ्यानं का नाय भरले?"

मी हा प्रश्न मेव्हण्यांना तसाच कळवला.

मी सातपूरच्या एका कारखान्यात मापं तपासायचं काम करतो. यंत्रातून निघालेला भाग केसभर जाड की बारीक, हे सांगायचं आणि चुकलेला बाजूला टाकायचा. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे मला तपासण्याशिवाय दुसरं काही येत नाही, तेव्हा मी वडिलांनाही तपासायला घेतलं. रोज सकाळी चहा झाला की वही काढायची. आज वार कोणता? महिना कोणता? नाश्त्याला काय खाल्लं? बरोबर असेल तर टिक, चूक असेल तर फुली. मग फोटोंचा अल्बम उघडून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवायचं आणि 'हे कोण?' विचारायचं. शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, मी कोण?

एके दिवशी त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. म्हणाले, "रोज इचारतो बाबा तू. तुला सोताला आठवत नसंल तर घरी कोणाला तरी इचार."

बायको स्वयंपाकघरात हसली. मी वहीत फुली मारली.

डॉक्टरांना मी ती वही मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी दोन पानं उलटून ती मिटली. गोळ्यांनी जेवढं व्हायचं तेवढं होईल, म्हणाले, पण ही परीक्षा आधी बंद करा आणि ह्यांना माणसांत न्या. गंगापूर रोडला एका संस्थेच्या हॉलमध्ये अशा लोकांचा गट भरतो. खेळ, गाणी, गप्पा, चित्रं ओळखणं असं डोक्याला चालना देणारं काहीतरी सगळे मिळून करतात. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी. मला तेव्हा दुसरी पाळी होती, म्हणून न्यायचं काम माझ्याकडे आलं.

हॉल लग्न-साखरपुड्याला भाड्याने देतात तसा होता. गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फळा, फळ्यावर मोठ्या अक्षरात आजचा वार, तारीख आणि 'हवा : छान'. जुलैत चार दिवस झड लागली होती, छत्र्या दारात निथळत होत्या, तरी हवा छानच होती. गट चालवणाऱ्या ताई तिशीच्या, हुशार, कामाला वाघ. त्यांनी ह्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. दोष फक्त आवाजाचा. समोर सत्तरी-ऐंशीची माणसं बसलेली आणि ताई बालवाडीत शिरल्यासारख्या बोलायच्या. "चला आजोबा, आता आपण सगळे टाळ्या वाजवूया हं! कोण मोठ्ठी वाजवतंय बघू!"

पहिल्या दिवशी अण्णांनी माझ्या कानात विचारलं, "ह्या बाईचं पोरगं हरवलं का?"

गटात दहाबारा जण होते, पण लक्षात राहतील असे तिघे. एक होत्या निवृत्त मुख्याध्यापिका, इस्त्रीची साडी, पाठ ताठ. त्यांना स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नसे, पण कोणी पाय हलवत बसलं तर ते बरोबर दिसे. दुसरे पाटबंधारे खात्यातले साहेब. ते दर पाच मिनिटांनी उठून "बरंय, निघतो मी" म्हणत दाराकडे जात आणि त्यांचा मुलगा त्यांना वळवून आणी. तिसऱ्या एक आजी, पेठच्या डोंगरातल्या. मुलाला शहरात नोकरी लागली म्हणून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलेल्या. त्या कधीच काही बोलत नसत. सून सांगायची, गावी असताना दिवसभर कोंबड्यांशी तरी बोलायच्या, इथे कोंबड्याही नाहीत.

आणि भिंतीला लागून आम्ही नातेवाईक. खरी शाळा तिथेच भरायची. ताई मोराचं चित्र दाखवून "हा कोणता पक्षी?" म्हणाल्या की भिंतीकडून कुजबुज सुरू व्हायची, "सांगा ना बाबा, पिसारा, पिसारा!" साहेबांचा मुलगा तर ओठांची हालचाल करून उत्तर पुरवायचा. एखाद्याच्या आईला बरोबर आलं की तो बाकीच्यांकडे अशी नजर टाकायचा की जणू मुलगी बोर्डात आली. मी ह्याला हसायचो, आणि घरी आल्यावर स्कूटर लावता लावता अण्णांना विचारायचो, "मोर कसा नाही आला तुम्हाला?"

एकदा द्राक्षांचं चित्र निघालं. ताईंनी ते अण्णांपुढे धरलं. "आजोबा, हे काय आहे?"

अण्णांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. त्यांचं लहानपण, सुट्ट्या, सगळं निफाडच्या बागांत गेलेलं. "भुरी पडलीय," ते म्हणाले. "घड गेला हा. फवारणी येळेवर नाय केली."

"नाही आजोबा, नीट बघा. फळाचं नाव सांगा. 'द्रा' पासून सुरू होतं."

"नाव काय करायचं? माल गेला."

ताईंनी तक्त्यात अण्णांच्या नावापुढे शून्य लिहिलं. मी नंतर जाऊन ते चित्र पाहिलं. छपाई खराब होती, मण्यांवर खरंच पांढुरकी छटा आली होती. आम्हा पंधरा शहाण्या माणसांपैकी एकालाही ती दिसली नव्हती.

त्या तक्त्यांबद्दल सांगायला हवं. प्रत्येक सत्राला प्रत्येकाचा एक कागद असे. सहभाग, स्मरण, भाषा, मनःस्थिती असे रकाने आणि पुढे एक ते पाच आकडे. पेठच्या आजींच्या कागदावर पाच आठवडे एकच शब्द होता, 'निरंक'. तक्त्यांचा गठ्ठा टेबलावर पेपरवेटखाली असायचा आणि महिनाअखेर संस्थेच्या कार्यालयात जायचा. माझा त्यांच्यावर फार जीव होता. मी दर गुरुवारी अण्णांचे आकडे फोनमध्ये टिपून घ्यायचो आणि बहिणीला पाठवायचो.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ताईंना जुनी सणावारांची चित्रफीत दाखवायची होती. त्यासाठी त्यांनी गोल मोडून खुर्च्या ओळीत लावून घेतल्या. दोन खुर्च्या इकडे, दोन तिकडे, मधून जायला वाट. सगळे बसले, पंखे फिरायला लागले आणि नेमकी वीज गेली. ताई जनरेटरचं बघायला बाहेर गेल्या. हॉलमध्ये अंधुक उजेड, बाहेर पाऊस, आणि ओळीने बसलेली माणसं पुढच्याच्या पाठीकडे बघत गप्प.

अण्णा उठले. मला वाटलं, लघवीला जायचं असेल, म्हणून मीही उठलो. पण ते मधल्या वाटेच्या तोंडाशी उभे राहिले, पाय थोडे फाकवून, गुडघे सैल सोडून. असे उभे राहिलेले मी त्यांना लहानपणी हजार वेळा पाहिले होते. गाडी कितीही उसळली तरी ते कशाला धरायचे नाहीत.

"चला, फुडं सरका. मागं जागा हाय. दारात कोणी थांबू नका."

आवाज असा काही निघाला की भिंतीलगतचे आम्ही सगळे एक पाऊल पुढे सरकलो.

टेबलाशी जाऊन त्यांनी पेपरवेट बाजूला केला आणि तक्त्यांचा गठ्ठा डाव्या हातात घेतला. पहिल्या ओळीत मुख्याध्यापिका होत्या.

"कुठं जायचं बाई?"

गेल्या पाच आठवड्यांत ताईंनी त्यांना 'तुमचं बालपण कुठे गेलं', 'तुमची पहिली शाळा कोणती' असं कितीतरी विचारलं होतं आणि त्या ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. आता त्या ताडकन म्हणाल्या, "उमराळे. शाळा आहे माझी. आणि मला साडेदहाच्या आत पोहोचवा, मागच्या सोमवारी उशीर केलात तुम्ही."

"घाटात दरड होती बाई."

"उमराळ्याच्या अलीकडे घाट नाही."

अण्णांनी मान खाली घातली, तक्त्याची एक पट्टी फाडली आणि त्यांच्या हातात दिली. 'सहभाग : ३' एवढं त्या तिकिटावर दिसत होतं. त्यांनी ते घडी करून घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवलं.

साहेब सवयीप्रमाणे उठले. "बरंय, निघतो मी."

"थांबा आल्याव उतरा साहेब. चालत्या गाडीतनं उतरायचं नाय."

साहेब बसले. कित्येक आठवडे ज्यांना मुलगा खांद्याला धरून बसवत होता, ते स्वतःहून बसले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग अण्णा पेठच्या आजींपाशी आले. खाली वाकले. "कुठं जायचं आजी?"

आजींनी वर पाहिलं. मला त्यांचा आवाज माहीत नव्हता, तो जाडसर, घोगरा निघाला. "करंजाळी."

"एकच?"

"कोंबड्या हायेत दोन."

"सीटखाली ठेवा. पाय बांधलेत ना?"

आजींनी मान हलवली आणि पदर सावरत खुर्चीखाली हात घालून काहीतरी आत सरकवलं. त्यांची सून माझ्या शेजारी उभी होती. तिने तोंडावर हात धरला. ती हसत होती की दुसरं काही, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

अण्णांनी हात उंचावून नसलेली दोरी दोनदा ओढली. मागच्या कोणीतरी तोंडाने "टण टण" केलं आणि गाडी सुटली. ताई जनरेटर सुरू करून परत आल्या तेव्हा गाडी सावळघाटात होती. फाटलेले तक्ते बघून त्यांचा चेहराच उतरला.

"आजोबा! अहो हे काय केलंत? आजोबा, आपण आता जागेवर बसूया हं?"

"आजोबा घरी," अण्णा म्हणाले. "गाडी घाटात हाय, दारात उभं राहू नका. कुठं जायचं ते सांगा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्या शेवटच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि बालवाडीच्या नव्हे, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "निफाड."

"चुकीच्या गाडीत बसलात ताई. ही पेठ गाडी हाय." अण्णांनी जरा विचार केला. "असू द्या. पेठेला चहा घेऊ, परतीत नाशकात सोडतो."

गाडी चाळीस मिनिटं चालली. करंजाळीला आजी कोंबड्या घेऊन उतरल्या आणि दोन पावलं चालून पुन्हा बसल्या. चित्रफीत राहिलीच.

मला वाटलं होतं, ताई अण्णांना गटातून काढतील. त्यांनी त्याहून वाईट केलं. त्यांनी वरिष्ठांना कळवलं, आणि वरिष्ठांना ही कल्पना फारच आवडली. पंधरा दिवसांत संस्थेचे विश्वस्त पाहुण्यांना घेऊन यायचे ठरले. फलक छापून आला, 'आनंदयात्रा'. थर्माकोलची बस झाली, पिवळे दिवे चिकटवलेली. रंगीत तिकिटं छापली. नाटकाच्या दुकानातून खाकी टोपी आणि चामड्याची बॅग भाड्याने आणली. कार्यक्रमपत्रिकेत अकरा वाजून पाच मिनिटांनी 'सहजस्फूर्त बसफेरी' असं लिहिलं होतं.

ह्यात माझा हात नव्हता असं मी म्हणणार नाही. मी बहिणीला व्हिडिओ कॉल लावून दिला होता. खालच्या काकूंना बरोबर घेऊन आलो होतो. सकाळी अण्णांची दाढी मी स्वतः केली आणि करता करता दोनदा उजळणी घेतली, "काय म्हणायचं? चला, पुढे सरका." कारखान्यात साहेब येणार असले की आम्ही यंत्रं पुसतो, तसं मी वडिलांना पुसून आणलं होतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ताईंनी अण्णांच्या डोक्यावर टोपी ठेवली. अण्णांनी ती काढून आतून बाहेरून पाहिली. समोर दहा फोन वर धरलेले.

"आजोबा, चला! परवासारखं!"

अण्णा हलेनात. मी पुढे होऊन म्हणालो, "अण्णा, करा ना. सगळे थांबलेत."

त्यांनी छातीवरचा खिसा चाचपला. "बिल्ला कुठंय? बिनबिल्ल्याची ड्युटी करत नसतो मी." मग थर्माकोलच्या बसभोवती शांतपणे एक चक्कर मारली, तिला बोटाने दाबून पाहिलं, तर बोट आत गेलं. "ही गाडी कोणी काढली डेपोतनं? ही घाट चढायची नाय."

पाहुणे हसले. मी परत "अण्णा" म्हणालो, जरा दटावून. हे माझं दटावणं बहिणीच्या फोनमध्ये साठवलेलं आहे. मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहायची हिंमत झालेली नाही.

अण्णांनी टोपी ताईंच्या हातात दिली आणि प्रवाशांच्या रांगेत जाऊन बसले. पेठच्या आजींनी मागून मोठ्याने विचारलं, "गाडी कवा सुटंल?"

"ही नादुरुस्त हाय," अण्णा म्हणाले. "दुसरी येतीया. बसून ऱ्हा."

आणि सगळे बसून राहिले. पिशव्या मांडीवर घेऊन, दाराकडे बघत. विश्वस्तांनी अर्धा तास भाषण केलं. मध्ये एकदा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "खाली बसा. वर्गात ओरडायचं नाही." विश्वस्तांना वाटलं, ही जुन्या शिस्तीची आठवण, आणि ते गहिवरले. साहेबसुद्धा उठले नाहीत, त्यांना गाडी चुकवायची नव्हती. शेवटी विश्वस्त पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा, किती शांत झालेत सगळे! हा आपल्या उपक्रमाचा परिणाम." टाळ्या पडल्या. समोसे वाटले.

पाहुणे गेल्यावर ताई पायरीवर बसल्या होत्या, ती टोपी मांडीवर घेऊन. मी माफी मागायला गेलो, तर त्याच म्हणाल्या, "काका, माझंच चुकलं. गाडी आपली आपण सुटायची, तर मी ती ओढायला गेले."

"मीही मागून ढकलत होतो," मी म्हणालो.

"माझी आजी निफाडला आहे. तिलाही असंच झालंय. मी गेले की तिला कार्डं दाखवते." त्या जरा थांबल्या. "तिने मागच्या वेळी कार्डं चुलीत घातली."

आम्ही दोघं हसलो. फार नाही, थोडंसंच.

त्यानंतर थर्माकोलची बस गच्चीवर गेली आणि पावसाने तिचं व्हायचं ते झालं. ताईंनी मंगळवारी खेळ, गाणी, चित्रं चालू ठेवली, पण आवाज बदलला. द्राक्षांचं चित्र पुन्हा निघालं तेव्हा त्यांनी 'हे काय' न विचारता 'ह्याचं काय करावं' असं विचारलं, आणि पाऊण तास भुरी, करपा, छाटणी ह्यांवर भांडण चाललं. त्यात बोलणाऱ्या निम्म्या लोकांनी आयुष्यात द्राक्षबाग पाहिली नव्हती. गुरुवारी खुर्च्या ओळीने मांडून ठेवायच्या आणि गप्प बसायचं, एवढंच. कधी गाडी सुटे, कधी सुटत नसे. तक्ते भरणं चुकलं नाही, कार्यालयाला ते लागतातच. पण ताई एकाच बैठकीत सगळ्यांना तीन देऊन मोकळ्या होत.

ह्याने अण्णा बरे झाले असं कोणी समजू नये. दिवाळीनंतर त्यांचे थांबे मागेपुढे व्हायला लागले. करंजाळी पेठच्या पुढे गेली. मुख्याध्यापिकांनी दोनदा चूक काढली, तिसऱ्यांदा काढली नाही. मला ते आता बहुधा ड्रायव्हर समजतात. "आज लय सावकाश चालवतो," असं एकदा स्कूटरवर मागून म्हणाले. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांची चाचणी घेतली तेव्हा गुण आधीपेक्षा कमी आले. मी विचारलं, मग ह्या गटाचा उपयोग काय? डॉक्टरांनी उलट विचारलं, जेवतात का? झोपतात का? चिडतात का? मी म्हणालो, जेवतात, झोपतात, चिडणं कमी झालंय. त्यांनी कागदावर 'ठीक' लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मागच्या गुरुवारी गटात एक नवीन काका आले. त्यांचा मुलगा माझ्या शेजारी भिंतीला टेकला. पाठीवर सॅक, हातात वही, वहीत रकाने आखलेले. मला एकदम त्याच्याबद्दल आपुलकी वाटली आणि लगेच रागही आला.

"तुमच्या वडिलांना किती महिने झाले इथे?" त्याने विचारलं.

"आठ."

"मग स्मरणशक्तीत किती फरक पडला? म्हणजे टक्क्यांत?"

"स्मरणशक्ती गेली ती गेली," मी म्हणालो. "पण गुरुवारी सकाळी अंघोळीला नाही म्हणत नाहीत. पाच वाजता उठून शर्टाची बटणं स्वतः लावतात. वरखाली लागतात, पण लावतात."

तो थोडा हिरमुसला. पेन वहीवर टेकवून उभा राहिला. बटणं कोणत्या रकान्यात लिहायची, हे त्याला समजेना.